जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेण्याआधी आम्ही काय काय तपासलं

१८ मे २०२४ ला आम्ही एक सेकंड हँड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीच्या मागे जोडून ओढायचं छोटं फिरतं घर) घरी आणला. त्याआधीचे अडीच महिने कसे गेले ते लिहून ठेवतेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत काहीच सापडलं नाही आणि इंग्रजीत इतकं सापडलं की कुठून सुरुवात करावी तेच कळेना. कुणाला तरी उपयोग होईल.

आम्ही मिशिगनमध्ये कँटनला राहतो. मी, नवरा, दोन मुलं, आणि उन्हाळ्यात सहा महिने पुण्याहून येणारे सासू-सासरे. मागच्या खेपेला आम्ही सगळे लडिंग्टन स्टेट पार्कला तंबू घेऊन गेलो होतो. जागा फार सुंदर, एका बाजूला लेक मिशिगन आणि एका बाजूला हॅम्लिन लेक, पण आईंचे गुडघे दुखतात, जमिनीवरून उठता येईना आणि रात्री दोनदा बाथरूमपर्यंत चालत जावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण परत येताना गाडीत म्हणाल्या की पुढच्या वेळी तुम्ही जा, आम्ही घरी थांबतो. ते मला लागलं. तिथून ट्रेलरचा विषय सुरू झाला. नवा घेणं बजेटमध्ये नव्हतं, आम्ही सगळं मिळून चौदा हजार डॉलर ठरवले होते.

पहिलं काम ट्रेलर बघणं नाही, स्वतःच्या गाडीचं दार उघडणं. आमच्याकडे जुनी फोर्ड एक्स्पिडिशन आहे, ती ओढू शकते नऊ हजार पौंडांच्या वर, म्हणून आम्हाला वाटलेलं की कुठलाही ट्रेलर चालेल. तसं नसतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्याच्या वर वजन जाता कामा नये, आमच्या गाडीचं १५४० पौंड. आमची सहा माणसं मिळून ८४० पौंड (सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं, आईंसकट). राहिले ७००. ट्रेलर जोडायचा जो जाडजूड हिच असतो तोच ९० पौंडांचा. गाडीत थोडं सामान ५० धरलं. उरले ५६०. आणि ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागच्या बॉलवर येतो, त्याला टंग वेट म्हणतात, आणि हा भार त्याच १५४० मधून वजा होतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला तर ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा डोलायला लागतो, म्हणजे कमी करूनही चालत नाही. साडेबारा टक्के धरून गणित केलं तर भरलेला ट्रेलर साडेचार हजार पौंडांच्या आत पाहिजे असं निघालं. म्हणजे रिकामा ३७०० च्या आसपास. या एका गणितानं आमच्या यादीतले निम्म्याहून जास्त ट्रेलर गेले आणि बरंच झालं, नाहीतर विकणारा सांगतो "अहो, तुमची गाडी सहज ओढेल" आणि आपण मान डोलावतो. ओढायला ओढतेच, प्रश्न वजन पेलायचा आणि थांबवायचा असतो.

पहिला ट्रेलर आम्ही २ मार्चला एका डीलरकडे बघितला. बर्फ होतं. पाणी चालू करून दाखवा म्हटलं तर म्हणाले विंटराइज केलाय, म्हणजे थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून त्यात गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ भरून ठेवलेलं, एप्रिलपर्यंत नळ सोडता येणार नाही. छतावर चढून बघू का तर नाही, इन्शुरन्सला चालत नाही. आणि सहीचा कागद पुढे केला त्यावर ठळक लिहिलेलं की जसा आहे तसा, नंतर आमची जबाबदारी नाही. आम्ही सही केली नाही. मिशिगनसारख्या थंड ठिकाणी मार्चमध्ये किंमत थोडी कमी मिळते हे खरं, पण पाणी, नळ, हीटर यातलं काहीच तपासता येत नसेल तर ती स्वस्ताई कशाला म्हणायची. माझा सल्ला, नळ वाहता करून दाखवत नाहीत तोवर पैसे देऊ नका.

२० मार्चला आई-बाबा आले. इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. माझे सासरे दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला ३१ वर्षं होते. चासीवर सांगाडा उभा करायचा, त्यावर पत्रा, मग रिव्हेट, खिडक्या, छत. मी त्यांना ट्रेलरच्या आतल्या बांधणीचा एक व्हिडिओ दाखवला, लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये इन्सुलेशन, वर रबराचं छत. बाबांनी पूर्ण बघितला आणि म्हणाले, "अगं, एसटीचा सांगाडा लोखंडाचा, ती गळली तर गंजते, आपल्याला दिसतं. ही लाकडाची. ही आतून कुजणार आणि बाहेरून नवी दिसणार. तू इंजिन-बिंजिन काही बघू नको, याला इंजिनच नाही. पाणी कुठून शिरलंय तेवढं शोध."

नंतर जे काही शिकले ते सगळं या वाक्याला येऊन मिळालं. ट्रेलरमध्ये फ्रिज बिघडला तर बदलता येतो, टायर बदलता येतात, पण पाणी मुरून सांगाडा कुजला असेल तर त्याची दुरुस्ती ट्रेलरच्या किमतीच्या वर जाते. मी ३५ डॉलरचं ओलावा मोजायचं मीटर मागवलं. दोन टाचण्या असतात, लाकडात जरा टोचायच्या, आकडा येतो. कोरडं लाकूड १५ टक्क्यांच्या खाली दाखवतं, २० च्या वर गेलं की काहीतरी गडबड आहे. आधी घरात चार ठिकाणी टोचून बघा म्हणजे हाताला सवय होते.

दुसरा ट्रेलर ओहायोमध्ये टोलेडोजवळ, ६ एप्रिलला शनिवारी. सोमवारी तिथे खग्रास ग्रहण होतं त्यामुळे सगळीकडे गर्दी, मोटेलवाल्यांनी बाहेर बोर्ड लावलेले. जाहिरातीतले फोटो बघून मी आणि लेक दोघी प्रेमात पडलो होतो. आतून पांढरा रंग, नवीन वॉलपेपर, नवीन गाद्या, छोटे दिवे. दार उघडल्याबरोबर सुगंधी मेणबत्तीचा वास आला. बाबा दारातच थांबले, म्हणाले सगळी दारं-खिडक्या लावून घे आणि मेणबत्ती बाहेर ठेव, दहा मिनिटांनी आत येऊ. दहा मिनिटांनी आत गेलो तर त्या वासाच्या खालून कुबट वास आला, पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा असतो तो. तो वास आपल्या माणसांना ओळखायला शिकवावा लागत नाही.

मग बाबा अनवाणी झाले आणि हळूहळू टाचेनं जमीन दाबत गेले. दाराच्या आत उजवीकडे आणि स्लाइडआउटच्या कडेला (भिंतीचा जो भाग बाहेर सरकतो तो) जमीन दबत होती, अगदी थोडी, बुटातून मला कळलीच नव्हती. कोपऱ्यातला वॉलपेपर एका ठिकाणी जरा फुगलेला, तिथे मीटर टोचलं तर ३४. बाहेरून पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत बाबा गेले, कलिंगड वाजवतात तसं, चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि मागच्या कोपऱ्यात भद्द आला.

कागद मागितले तर टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, तिसऱ्याच माणसाचं नाव. ज्याच्या नावावर ट्रेलर आहे तो समोर नाही, त्याची सही आधीच करून ठेवलेली. ओहायोमध्ये टायटल ट्रान्स्फरला विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते. असा कागद घेऊन आपण मिशिगनमध्ये गाडी नावावर करायच्या ऑफिसला गेलो तर तिथे अडकणार. नमस्कार करून निघालो. परतीच्या वाटेत लेक रडत होती आणि खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटत होतं, त्या छोट्या दिव्यांसाठी. बाबा तिला म्हणाले, "आपण घर बघायला गेलो आणि भिंत ओली निघाली, तर घेऊ का?" ती नाही म्हणाली. मग शांत झाली.

त्यानंतर मी एक गोष्ट बदलली. बघायला जाण्याआधी फोनवरच प्रश्न विचारायला लागले. टायटल तुमच्याच नावावर आहे का, हातात आहे का, कर्ज आहे का. व्हीआयएन नंबर (ट्रेलरचा ओळख क्रमांक, आपल्याकडच्या चासी नंबरसारखा) पाठवा. स्टिकरचा फोटो पाठवा. छत शेवटचं कधी सील केलं. ट्रेलर उन्हापावसात असतो की शेडमध्ये. यातच सात-आठ जण गळाले, दोघांनी उत्तरच दिलं नाही. व्हीआयएन १७ अक्षरांचा असतो आणि दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं, एच म्हणजे २०१७, जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९. एनआयसीबी या इन्शुरन्स कंपन्यांच्या संस्थेच्या साइटवर फुकटात बघता येतं की चोरीचा किंवा सॅल्व्हेज (मोठं नुकसान होऊन मोडीत काढलेला) म्हणून नोंद आहे का, आणि एनएचटीएसए या सरकारी वाहन सुरक्षा खात्याच्या साइटवर रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीनं दुरुस्तीला परत बोलावलंय का.

तिसरा ट्रेलर जॅक्सनजवळ, आय-९४ वरून तासाभराच्या अंतरावर. एक वयस्कर जोडपं, आता ओढणं झेपत नाही म्हणून विकत होते. २१ फुटी, मागे मुलांसाठी दोन बंक, पुढे मोठा बेड, मधलं टेबल पाडून तिसरा. स्लाइडआउट नाही, म्हणजे वजन कमी आणि गळायची एक मोठी जागा कमी. रिकामं वजन ३६४०. मागत होते १२,८००. जाहिरातीत २०१९ लिहिलेलं, व्हीआयएनमध्ये जे होतं, आणि स्टिकरवर बनवल्याची तारीख ऑगस्ट २०१७. त्यांना विचारलं तर म्हणाले आम्ही २०१९ ला घेतला म्हणून तसं लिहिलं. फसवायचा हेतू वाटला नाही, पण किमतीत वर्षाचा फरक पडतोच.

२७ एप्रिल ठरला. मी आदल्या दिवशी मेसेज केला, फ्रिज आजच चालू करून ठेवा (हे फ्रिज घरातल्यासारखे नसतात, गॅसवर किंवा विजेवर चालतात आणि थंड व्हायला कित्येक तास लागतात, आयत्या वेळी चालू केला तर काही कळत नाही), पाण्याची टाकी थोडी भरून ठेवा, गॅस असू द्या, बॅटरी चार्ज करा, आणि आम्हाला तीन तास लागतील. सगळ्याला हो म्हणाले. तीन तासांना हो म्हणाले तेव्हाच मला जरा धीर आला.

आम्ही नेलं ते असं. शिडी, टॉर्च, मीटर, दहा डॉलरचा प्लगमध्ये लावून बघायचा टेस्टर, साबणाचं पाणी आणि ब्रश, फ्रिजचा थर्मामीटर, गुडघ्याखाली घ्यायला जुनी चटई, एक वही. मुलं घरी शेजाऱ्यांकडे ठेवली. हे फार महत्त्वाचं, मुलं बंकवर एकदा झोपून आली की मग आपण तपासत नाही, कारणं शोधतो.

सुरुवात छतापासून. नवरा शिडीवर, बाबा खालून सूचना देत. रबराच्या छतावर जिथे जिथे काही बाहेर आलंय, व्हेंट, स्कायलाइट, एसी, पाइप, तिथे पांढरं सीलंट लावलेलं असतं, ते पसरून आपोआप सपाट होतं, त्याला लोक इथे सरसकट डायकोर म्हणतात. त्याला भेगा पडल्या की पाणी आत. इथलं पाच-सहा ठिकाणी तडकलेलं होतं पण सुटलेलं नव्हतं. मग चारही कडांच्या पट्ट्या, त्यांच्यामागचं सीलंट, खिडक्या, बाहेरचे छोटे नारिंगी दिवे. बाबा प्रत्येक दिव्याला हात लावून हलवून बघत होते. पुढचा डाव्या बाजूचा वरचा दिवा जरा हलला. "हे लिहून ठेव," म्हणाले.

टायरवर डीओटी पासून सुरू होणारा नंबर असतो, शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष. चारही टायरवर २९१७, म्हणजे २०१७ चा २९ वा आठवडा. नक्षी जवळजवळ नवीन, पण ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वयानं जातात, उभे राहून राहून. पाच ते सात वर्षांत बदलायचे. आतल्या कडेनं जास्त झिजलेत का हेही बघायचं, तसं असेल तर ॲक्सल वाकलेला असू शकतो. इथे सारखे होते.

आत गेल्यावर मी प्रत्येक कपाट उघडलं, प्रत्येक. बेड उचलून खाली, सिंकच्या खाली, बाहेरून उघडणाऱ्या डिकीच्या आत छताकडे बघत. टॉर्च भिंतीला टेकवून आडवा उजेड टाकायचा, समोरून टाकला तर फुगवटा दिसत नाही. सगळीकडे आकडे १० ते १३. फक्त पुढच्या डाव्या कोपऱ्यात, वरच्या कपाटाच्या आत, २१. त्या हलणाऱ्या दिव्याच्या बरोबर मागे.

माझं मन एकदम खचलं. एवढं सगळं चांगलं आणि शेवटी हे. बाबांनी मालकांना विचारून स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडावर दाबलं, आत गेलं नाही. ते म्हणाले लाकूड ताठ आहे, पाणी अलीकडचं आहे, पण मी सांगतोय म्हणून घेऊ नका, इथलं मला माहीत नाही, इथल्या जाणकाराला दाखवा. ३१ वर्षं हेच काम केलेला माणूस असं म्हणतो याचं मला फार वाटलं.

पुढचं पटपट सांगते. पंप चालू करून नळ सोडायचा, पाणी आलं की सगळे नळ बंद, पंप दोन-चार सेकंदात गप्प बसला पाहिजे. मग दहा मिनिटं कान देऊन थांबायचं, मध्येच आपोआप घरघरला तर कुठेतरी गळतंय. आमचा गप्प होता. कमोडमध्ये पाणी भरून ठेवायचं, अर्ध्या तासानं तेवढंच राहिलं पाहिजे. वॉटर हीटर विजेवर लावण्याआधी त्याची टाकी भरलेली आहे याची खात्री करा, कोरडा चालू केला तर त्याची कॉइल जळते. गॅसच्या जोडांवर साबणाचा फेस, आपण घरी सिलेंडर बदलल्यावर करतो तसाच. शेगडी आणि फर्नेस (आतली हवा गरम करणारा हीटर) चालू करून बघितले, फ्रिज ३८ डिग्री फॅरनहाइट. एसीला घरातला साधा प्लग पुरत नाही, ३० ॲम्पचा पॉइंट लागतो, त्यांच्या शेडमध्ये होता. आईंनी पायरी चढून-उतरून बघितली, कमोडवर बसून उठून बघितलं, आणि हँडलला धरून सांगितलं की मला जमतंय. खरं तर ही तपासणी पहिली व्हायला हवी होती.

शेवटी बाबांनी त्यांना विचारलं की बागेचा पाइप मिळेल का. दापोडीला बॉडी झाली की फवाऱ्याखाली धरून गळती बघायचे. त्यांनी आनंदानं दिला. खालून सुरू करून वर जायचं, आधी खिडकीच्या खाली, मग खिडकी, मग वरची कड, प्रत्येक जागी पाच मिनिटं, आणि एक जण आत टॉर्च घेऊन. वरून सुरू केलं तर कुठून शिरलं ते कळत नाही. त्या दिव्यावर पाणी सोडल्यावर चार मिनिटांनी आत कपाटात एक थेंब आला. बाकी कुठेही नाही. विकणारे आजोबा स्वतः आत येऊन बघून गेले, त्यांनाही माहीत नव्हतं.

आम्ही २०० डॉलर बयाणा दिला, साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या, तपासणीत मोठं काही निघालं तर परत. मग एनआरव्हीआयए या ट्रेलर तपासनिसांच्या संस्थेचा सर्टिफाइड इन्स्पेक्टर शोधला. चौकशीत आकडे पाचशेपासून हजारच्या पुढे आले, आम्ही ६५० वाला ठरवला. मेमोरियल डेच्या (मे अखेरची सुट्टी) आधीचे गर्दीचे दिवस असल्यामुळे ९ मे ची तारीख मिळाली, बारा दिवस. ते बारा दिवस मला ट्रेलर दुसरं कुणी जास्त पैसे देऊन नेईल याचीच भीती. ६५० डॉलर तपासणीला द्यायचे का यावर घरात वाद झाला, नवरा म्हणत होता सगळं तर आपण बघितलंय. मी हटून बसले आणि चांगलं केलं. तो माणूस साडेपाच तास होता. सर्वात आधी त्यानं ३० ॲम्पच्या पॉइंटचं व्होल्टेज मीटरनं मोजलं, तेव्हाच प्लग लावला. हा पॉइंट १२० व्होल्टचा असतो, पण कधी कधी तो चुकून २४० चा जोडलेला असतो आणि आतली सगळी उपकरणं जळतात. त्याला सापडलेल्या गोष्टी: गॅस गळती ओळखणाऱ्या डिटेक्टरची मुदत संपलेली, एका चाकाचा ब्रेक लागत नव्हता, आणि एका गॅस जोडातून अगदी हळू गळती, जी आमच्या साबणाच्या फेसात दिसली नव्हती, त्यानं प्रेशर लावून शोधली आणि तिथेच पाना फिरवून बंद केली. कोपऱ्याबद्दल बाबांनी सांगितलं तेच तो म्हणाला, लाकूड मजबूत आहे, दिवा काढून नीट सील करा आणि आत पंखा लावून सुकवा.

चाळीस पानी रिपोर्ट फोटोसकट. तो घेऊन बोलणी केली, आवाज न चढवता, नुसतं टायर, ब्रेक, डिटेक्टर, सीलंट यांचे खर्च आणि मॉडेल वर्ष समोर ठेवून. ११,२०० ला ठरलं आणि त्यांनी हिच त्यातच दिला.

मग कागद. टायटलवर त्यांचं नाव होतं पण खाली एका बँकेचंही. कर्ज २०२२ ला फिटलेलं, नाव तसंच राहिलेलं. बाबांना समजावून सांगायला गेले तर म्हणाले, "म्हणजे सातबाऱ्यावर बोजा, कर्ज फेडलंय पण उतरवला नाही." अगदी तेच. बँकेकडून लीन टर्मिनेशनचा, म्हणजे बोजा उतरवल्याचा, कागद आल्याशिवाय पैसे देणार नाही असं आम्ही सांगितलं, त्यांनी फोन केले, कागद १६ मे ला आला. हा कागद विकणाऱ्यालाच आणायला लावा. पैसे देऊन झाल्यावर आपण त्या बँकेला फोन केला तर ते आपल्याशी बोलतही नाहीत.

१८ मे ला शनिवारी सकाळी गेलो. बाबा आदल्या रात्रीच म्हणाले होते की त्या टायरवर मी ट्रेलर हायवेला जाऊ देणार नाही. म्हणून आधी दोन चाकं काढून गावातल्या टायरच्या दुकानात, ती आली की उरलेली दोन. चार टायर बसवून ५४० डॉलर आणि तीन तास. आजीबाईंनी सगळ्यांना सँडविच दिले. कॅशियर्स चेक (बँकेनं स्वतः काढून दिलेला) दिला, त्यांनी टायटलवर आमच्यासमोर सही केली, किंमत आणि तारीख लिहिली. मिशिगनमध्ये सही केलेलं टायटल जवळ असेल तर तीन दिवसांच्या आत थेट रस्त्यानं घरी आणता येतं, प्लेट नसली तरी. इन्शुरन्समध्ये आधीच फोनवर नाव घालून घेतलं होतं. ५५ च्या वर गेलो नाही. वाटेत ट्रकवाल्यांच्या स्टॉपवर कॅट स्केल असतो तिथे वजन केलं, नंतर सगळं सामान भरून परत केलं तेव्हा ४४२० आलं. साडेचार हजारच्या आत.

२१ मे ला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात (मिशिगनचं आरटीओ म्हणा) अपॉइंटमेंट. टायटल, बँकेचा कागद, लायसन्स घेऊन गेले. ६ टक्के टॅक्स ६७२, टायटलचे १५, आणि प्लेटचे २००. मिशिगनमध्ये ट्रेलरची प्लेट कायमची असते, दरवर्षी रिन्यू करायची नाही, २५०० ते ९९९९ पौंडांपर्यंत एकदाच २००. पंधरा दिवसांच्या आत गेलं नाही तर लेट फी. वीस मिनिटांत काम झालं, इतके दिवस डोक्यात ज्या कागदाची धास्ती होती त्याला काउंटरवर एक शिक्का लागला आणि संपलं.

एकूण हिशोब: ट्रेलर ११,२००, तपासणी ६५०, टॅक्स-टायटल-प्लेट ८८७, टायर ५४०, ब्रेकचं काम १८०, डिटेक्टर ७५, सीलंट आणि टेप ९०, मीटर आणि टेस्टर ४५. मिळून १३,६६७. चौदा हजारात बसलं.

९ जूनला रविवारी बाबांनी आणि मी छत केलं. ते खाली खुर्चीवर बसून सांगत होते, मी वर गुडघ्यांवर. जुनं सुटं सीलंट खरवडायचं, पुसायचं, नवीन सोडायचं, सपाट व्हायला वेळ द्यायचा. तो दिवा काढून, सुकवून परत बसवला. त्या आठवड्यात दोनदा जोरदार पाऊस झाला आणि दोन्ही वेळा मी सकाळी उठून चहाच्या आधी मीटर घेऊन गेले. पहिल्यांदा १४, दुसऱ्यांदा १२.

बाबा सप्टेंबरमध्ये परत जातील. काल त्यांनी त्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलं, गाडीवर पासिंगची तारीख लिहितात तसं ठसठशीत: छत ९-६-२४, पुढचं एप्रिल २५. खाली थोडी जागा सोडलीय, पुढच्या तारखा मी लिहायच्या म्हणून.